आडवं पडायला मिळावं म्हणून

मंगळवारी दुपारी आम्ही दोघांनी वाकळ पिळली. जुन्या लुगड्यांची वाकळ, पाणी प्यायल्यावर लय जड होते. ते एका माणसाचं काम नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोघांनी उलटा पीळ घालायचा आणि मागं मागं सरकत ओढायचं.

"आवं, वढा की जरा. जेवला न्हाईसा व्हय?"

"तू सोडू नगस म्हंजे झालं. मागल्या खेपंला सोडलंस आन मी पाठीवर पडलो."

"पडला कुठं? बसला हुतासा नुसतं."

वाकळ तारेवर टाकली. तिनं पदराला हात पुसले, "वाईच पडते" म्हणाली आणि सोप्यातल्या खाटेवर आडवी झाली. पाचला मी चहा ठेवला आणि हाक मारली. ती उठली नाही.

फुलाबाई, माझी बायको. सहासष्ट वर्षांची होती. संसार एकोणपन्नास वर्षांचा.

हे लिहायला मला सांगलीच्या दवाखान्यातल्या नाझनीन मॅडमनी सांगितलं. त्या तिथं एमआरआयचं मशीन चालवतात. म्हणाल्या, तात्या, जसं झालं तसं लिहा, आमच्याकडं येणाऱ्या माणसांना वाचायला देते. माझं शिक्षण चौथी. मी कॅनॉलवर पाटकरी होतो. कुणाच्या शेताला कवा पाणी सोडायचं, दार कुठं गळतंय, कुठं भराव खचतोय, हे बघायचं ते माझं काम. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं पाणी बघितलं. आपल्या घरातलं बघितलं नाही. ते पुढं सांगतो, टाळणार नाही.

बसून झोप

आधी खोकला आला. रहिमतपूरच्या डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं. मग चालताना दम लागायला लागला, पाय सुजायला लागले, तेव्हा त्यानंच रोजची एक गोळी सुरू केली. मग तिला आडवं पडता येईना.

"पडलं की छातीवर कुणीतरी बसल्यागत हुतंय," म्हणायची.

दोन वर्षं ती बसून झोपली. भिंतीला पाठ, पाठीमागं दोन वाकळांची वळकटी, मांडीवर उशी. मान खाली पडली की दचकून जागी व्हायची. मी शेजारी पाय ताणून झोपायचो. आता लिहिताना लाज वाटते, पण झोपायचो. माणसाला कशाचीही सवय होते, दुसऱ्याच्या त्रासाची तर लवकर होते.

साताऱ्याच्या डॉक्टरनं छातीवर गार काहीतरी लावून इको काढला. म्हणाले, हृदयाची एक झडप गळतीय. रक्त पुढं ढकललं की थोडं मागं येतं, ते फुप्फुसात तुंबतं, म्हणून दम. गळती मोठी आहे, ऑपरेशन करून घ्या.

तो दिवस मला चांगला आठवतो. बाहेर आलो. स्टँडसमोर तिनं उसाचा रस मागितला. अर्धा प्याली, अर्धा मला दिला आणि म्हणाली, "दार बसत न्हाई म्हणत्यात. तुमच्या खात्यातलंच दुखणं निघालं की."

आमची लेक रंजना सांगलीला दिली आहे. तिनं दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनीही इको काढला. ते म्हणाले, गळती मध्यम दिसते, या वयात छाती उघडण्यापेक्षा गोळ्यांवर चालवा. झालं. दोन डॉक्टर, दोन गोष्टी. आता कुणाचं ऐकायचं?

घरात त्यावरनं लय वाद झाला. रंजना म्हणायची ऑपरेशन करा. माझा चुलतभाऊ बापू सकाळ-संध्याकाळ येऊन सांगायचा, "तात्या, ह्या वयात चिरफाड करून घेऊ नगा. सुखानं जाऊ दे तिला."

फुला आतनं ऐकत होती. म्हणाली, "बापू भावजी, सुखानं कसं जात्यात? बसून?"

बापू उठून गेला.

मग ती मला म्हणाली, "मला जास्त काय नगं. मला फकस्त आडवं पडून झोपायचंय. ते कशानं हुतंय तेवढं बघा." एवढंच तिचं मागणं होतं. पुढं जे जे केलं ते त्यासाठी केलं.

तिसरा डॉक्टर

रंजनानं सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यातला तिसरा डॉक्टर शोधला. तरुण माणूस, चाळिशीच्या आतला. त्यांनी दोन्ही इको बघितले आणि सरळ सांगितलं, "यावरून मलाही खात्रीनं सांगता येणार नाही. आमच्याकडं एक नवीन पद्धत सुरू आहे. एमआरआयच, पण त्यात रक्त वाहताना दिसतं. किती पुढं गेलं, किती मागं फिरलं, कुठल्या बाजूनं फिरलं, सगळं मोजता येतं. ते बघू, मग ठरवू."

मला तो माणूस तिथंच आवडला. जे कळत नाही ते कळत नाही म्हणतो असा साहेब मी बत्तीस वर्षांत दोनदाच बघितला होता.

"फक्त एक आहे आजी," ते म्हणाले, "तासभर आडवं पडून राहावं लागेल. हलायचं नाही."

फुला हसायला लागली. हसता हसता खोकला आला. "डाक्टर, तासभर आडवं पडाय आलं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

डॉक्टरही हसले. पण पेच खरा होता.

पहिली खेप

ठरल्या दिवशी आम्ही पहाटे एसटीनं निघालो, कराडला गाडी बदलली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती काळीनिळी पडली होती. मला वाटलं, प्रवासानं असंल.

नाझनीन मॅडम तिथं पहिल्यांदा भेटल्या. मिरजेच्या, तिशीच्या. मशीनमध्ये लोहचुंबक आहे, म्हणून अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्राला चार सेफ्टी पिना अडकवलेल्या, बांगडीत दोन, केसात आकडे. जोडवी बोटात रुतलेली, ती साबण लावून काढली. मग मॅडमनी हातावरचं गोंदण बघितलं.

"आजी, काही शाईत लोखंड असतं. तिथं गरम लागलं तर लगेच सांगायचं."

"हे काय निघत न्हाई बाई. हे तेवढं माणसासंगं वर जातं म्हणत्यात. मशीनला सांग, ह्याला हात लावू नगंस."

तिच्या हातात रबराचा एक फुगा दिला. घाबरल्यासारखं झालं तर दाबायचा. मला काचेच्या अलीकडं बसवलं. तिला फळीवर निजवली, फळी आत सरकली, आणि मोजून चार मिनिटांत फुगा दाबला.

बाहेर काढली. बसवली. तोंड उघडं टाकून दम घेत होती. पुन्हा निजवली. या वेळी फळी सरकायच्या आतच उठून बसली.

मी उठून दारात गेलो आणि ओरडलो, "आगं, तेवढं पडाय काय हुतंय तुला? एवढ्या लांबनं आलोय, माणसं खोळंबल्यात!"

नाझनीन मॅडम माझ्याकडं वळल्या. "तात्या, बाहेर जाऊन चहा पिऊन या."

"मला च्या नगं."

"मग नुसतं बाहेर जा."

गेलो. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावलं. फुला खुर्चीत बसली होती, डोळे पुसलेले. मॅडमनी विचारलं, "तात्या, आजी पाण्याची गोळी रोज घेतात का?"

"घेती की. पाकीट रिकामं हुतंय दर महिन्याला."

"तुम्ही बघितलंय घेताना?"

मी फुलाकडं बघितलं.

पाण्याची गोळी म्हणजे लघवी होण्याची. सकाळी घेतली की अंगात साठलेलं पाणी दोन-चार तासांत निघून जातं, दम कमी होतो. फुलानं ती चार दिवस घेतली नव्हती. शेजारी बारसं होतं म्हणून तीन दिवस, आणि चौथ्या दिवशी एसटीनं यायचं म्हणून. आधीही आठवड्यातनं दोन-तीन वेळाच घ्यायची. कुठं जायचं नसेल, घरी पाहुणा नसेल, भांगलायला बायकांबरोबर रानात जायचं नसेल, त्या दिवशी. बाकीच्या गोळ्या पाकिटातनं काढून चुलीत टाकायची, मला कळू नये म्हणून.

"का गं?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघेना. मॅडमकडं बघून म्हणाली, "ह्यास्नी सांगा तुमीच."

म्हसवडची गाडी

त्याच्या तीन वर्षं आधी आम्ही म्हसवडला सिद्धनाथाला गेलो होतो. तिच्या गोळ्या तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या. येताना एसटी भरलेली, आमच्या गावची सात-आठ माणसं गाडीत. दहिवडीच्या अलीकडं ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, गाडी थांबवा म्हणावं जरा.

कंडक्टरला हाक मारायची म्हणजे सगळ्या गाडीला कळणार, पाटकऱ्याच्या बायकोला कशासाठी उतरायचंय ते. मी म्हणालो, "दम धर की. दहिवडी आलीच."

दहिवडी यायच्या आत व्हायचं ते झालं. साडी बदलायला जागा नव्हती. ती तशीच रहिमतपूरपर्यंत आली, पिशवी मांडीवर धरून.

मी हे विसरलो होतो. खरं सांगतो, मॅडमनी सांगितल्यावर आठवलं. ती विसरली नव्हती. तिनं त्या दिवसापासून ठरवलं, घराबाहेर पडायचं असेल तर गोळी घ्यायची नाही. भिंतीला टेकून बसली ती नुसत्या झडपेमुळं बसली नव्हती.

मी तिच्यासमोर खाली बसलो. फुलाच म्हणाली, "जाऊ द्या. तुमी तरी काय करणार? गाडी काय तुमची हुती?"

असं म्हणाली ना, तेच जास्त लागलं.

नाझनीन मॅडमनी तिला एका शब्दानं टोचलं नाही. "आजी, तुमच्यासारख्या लय येतात. कुणी गाडीच्या भीतीनं, कुणी पाहुण्यांच्या. मी सगळ्यांना विचारते. निम्म्या खोटं बोलतात, तुम्ही खरं सांगितलं." आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी रेल्वेनं या. रहिमतपूरहून सरळ गाडी आहे. रेल्वेत संडास असतो."

इतकी साधी गोष्ट. मोठी मोठी डिग्री असलेल्या तिघांनी तिला तपासलं, पण हा प्रश्न मशीन चालवणाऱ्या पोरीनं विचारला.

हळदीचा काटा

डॉक्टरनं सांगितलं, आठ दिवस गोळी चुकवायची नाही, रोज सकाळी वजन बघायचं, पाणी उतरलं की पुन्हा या. म्हणून आम्ही रंजनाकडं राहिलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट ठेवताना म्हणाली, "तात्या, तुमी कालव्याची दारं आडवणाऱ्या पाटलाला शिव्या घालायचा. एका कंडक्टरला हाक मारता आली न्हाई?" मी जेवलो.

जावयाचं हळदीचं छोटं गोडाऊन घराला लागून आहे. वजनाला पोती मोजायचा काटा. रोज सकाळी गोळी मी माझ्या हातानं द्यायचो, पाणी गिळेपर्यंत उभा राहायचो, आणि मग ती काट्यावर चढायची.

"काय भाव लावताय?" म्हणायची.

"वली हाय. आधी वाळू दे, मग बघू."

"मग पाठवा परत म्हायारला."

आठ दिवसांत पाच किलो पाणी उतरलं. पाच किलो! घागरभर पाणी ती अंगात घेऊन फिरत होती. पायाची सूज गेली, घोटे दिसायला लागले. पाठीमागची एक वाकळ कमी झाली.

दुसरी खेप

दुसऱ्या वेळी मॅडमनी तिचे पाय बघितले आणि डोळे मोठे केले. गोडाऊनमध्ये हिंडून तळवे पिवळेधमक झालेले.

"आजी, हळद लागलीय. लगीन हाय काय?"

"व्हय, तुझ्या मशीनसंगं. जोडवी काढून आलेय."

त्या दिवशी एक कागदही पुढं आला. दवाखान्यात या नव्या पद्धतीचा अभ्यास चालू होता. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ पडून राहायचं, वर्षा-दीड वर्षानं पुन्हा येऊन तपासायचं, म्हणजे अशा दुखण्यात रक्त कसं वाहतं ते पुढच्यांना शिकता येईल. जबरदस्ती नाही. मॅडमनी सगळं वाचून दाखवलं. नाव कुठं छापणार नाही म्हणाल्या.

"का न्हाई? पडून मी ऱ्हाणार, आन नाव का न्हाई?" तिनं सही मात्र केली. वळवळीत, पण पुरी.

मशीनमध्ये सूचना इंग्रजीत आपोआप येतात. मॅडमनी त्या बंद केल्या आणि माईक स्वतःच्या हातात घेतला. "आजी, श्वास घ्या. सोडा. आता धरा. धरा, धरा… सोडा. शाब्बास." प्रत्येक वेळी शाब्बास म्हणायच्या. बाहेर मोठा खडखडाट, मळणीयंत्रासारखा.

काचेतनं मला तिचे पाय दिसत होते, पिवळे, सरळ ताणलेले. दोन वर्षं बसलेली बघून तिची उंची मी विसरलो होतो. एवढी लांब आहे ही, असं मनात आलं.

श्वास धरायचं काम संपलं. मग रक्ताच्या वाहण्याचा मोठा भाग सुरू झाला, त्यात नुसतं पडून राहायचं. थोड्या वेळानं मॅडम पडद्यावरच्या ठोक्यांकडं बघत म्हणाल्या, "तात्या, आजी झोपल्या."

"उठवायचं का?"

"कशाला? झोपल्या तर हलत नाहीत, चित्र चांगलं येतं."

त्या खडखडाटात माझी बायको झोपली. दोन वर्षांत पहिल्यांदा आडवी. मशीन थांबलं तरी मॅडमनी पाच मिनिटं तिला उठवलं नाही. बाहेर नंबर लागलेले होते. एक माणूस दारातनं डोकावून बडबडला, त्याला त्या म्हणाल्या, "तुमची बी पाळी येणार हाय, थांबा." पाच मिनिटं काय मोठी असतात? पण ती त्यांनी दिली.

रक्त वाहताना

दोन दिवसांनी डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं. मी देवळात उभा राहिल्यासारखा उभा होतो.

हृदय चालू होतं आणि त्यातनं रक्त वाहत होतं. शेकडो बारीक रेघा, जिथं वेग जास्त तिथं लाल, जिथं संथ तिथं निळ्या. प्रत्येक ठोक्याला सगळं पाणी वर चढायचं, वळण घ्यायचं, पुढं निघायचं. डॉक्टर बोटानं फिरवायचे तसं चित्र फिरायचं, पुढनं बघा, मागनं बघा. एवढी वर्षं त्या बाईबरोबर काढली, तिच्या आत हे चाललंय याची मला काही कल्पना नव्हती. थांबत नाही, पाळी चुकवत नाही, रात्रपाळीला रजा नाही. असा कालवा माणसाला बांधता यायचा नाही.

"आता इथं बघा," डॉक्टर म्हणाले. झडपेतनं एक लाल धार मागं येत होती. सरळ नाही, तिरकी. भिंतीला जाऊन चिकटायची आणि भिंतीला धरून गोल फिरायची. "भिंतीला चिकटल्यामुळं इकोत ती बारीक दिसते. म्हणून एका डॉक्टरांना मध्यम वाटली. मोजली तर मोठी आहे. दहा भांडी पुढं गेली तर चार मागं येतात."

मी म्हणालो, "डाक्टर, आमच्याकडं बी असंच हुतंय. दाराच्या मधनं गळलं तर कारंजं दिसतं, कोण बी सांगंल. पण कडंच्या भिंतीला धरून गळलं तर वरनं पाणी संथ दिसतंय, आन खाली दुसऱ्याचं शेत भरतंय."

डॉक्टर उठले. मग त्यांनी शेजारच्या खोलीतनं दोन शिकाऊ डॉक्टर बोलावले आणि म्हणाले, "बाबा, परत सांगा."

मी परत सांगितलं. चौथी पास माणूस डॉक्टरांना शिकवत होता! फुला खुर्चीतनं म्हणाली, "आता घरी गेल्यावर माझं काय खरं न्हाई."

मग तिनं एकच विचारलं. "झडप नीट केली तर आडवं पडाय मिळंल का?"

"मिळायला पाहिजे. धोका आहे, तो मी सांगतो." त्यांनी धोका सांगितला, काही लपवलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही, रंजनाकडंही नाही. "करा," म्हणाली.

ऑपरेशन

याबद्दल थोडंच सांगतो. ती आत गेली सकाळी आणि बाहेर आली दुपार ढळल्यावर. मधल्या वेळात मी बाकावर बसून पायरीच्या फरशा मोजल्या. बापू गावाकडनं आला, शेजारी बसला, एक अक्षर बोलला नाही. त्याचं मला बरं वाटलं.

अतिदक्षता विभागात दिवसातनं दोनदा, एकाच माणसाला सोडतात. चप्पल बाहेर, हात धुवायचे, टोपी घालायची. पहिल्या दिवशी नळ्यांतनं तिचं तोंडच दिसेना. मी भ्यालो. तिथल्या सिस्टरनं माझा हात धरून तिच्या हातावर ठेवला, गोंदणावर. "बोला आजोबा, ऐकू येतं त्यांना." मी वाकलो. म्हणालो, "फुला, ऊस तुटून गेला." तुटला नव्हता. तिला त्याची काळजी होती म्हणून म्हणालो.

मग तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं एक खेळणं आलं, श्वास ओढून त्या वर उचलायच्या. एक उचलली, दोन उचलल्या. तिसरीसाठी ती सिस्टरशी भांडायची. पलंगाची पाठ रोज थोडी थोडी खाली करत होते. सातव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो तर पलंग सपाट, आणि ती कुशीवर वळून झोपलेली. तोंड उघडं, एक हात गालाखाली.

मी डबा खाली ठेवला आणि स्टुलावर बसलो. जेवण गार झालं. मी हललो नाही.

सव्वा वर्ष

सव्वा वर्ष ती आडवी झोपली. घोरायला लागली, आधी कधी घोरत नव्हती. गोळी रोज सकाळी, न चुकता, माझ्यासमोर. रक्त पातळ ठेवायची आणखी एक होती, तीही. तपासायला जायचं तर रेल्वेनं. एकदा रेल्वे चुकली, एसटीनं गेलो. मी चढतानाच कंडक्टरला सांगितलं, "मास्तर, माझ्या बायकोला दुखण्याची गोळी चालू हाय, वाटंत दोनदा थांबायला लागंल." सगळ्या गाडीनं ऐकलं. कंडक्टर म्हणाला, "बसा की आजोबा, थांबू." झालं. एवढंच होतं ते.

बापू घरी येऊन तिला उभं राहून भाकरी थापताना बघायचा आणि म्हणायचा, "वयनी, मी चुकलो." ती म्हणायची, "चुकलासा तर पाट घ्या, जेवाय बसा."

ती कशी गेली, का गेली, ते मी खोदत बसलो नाही. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ गेली असेल, नाहीतर ठोका चुकला असेल, असं होऊ शकतं. त्यांनी तेही आधी सांगितलं होतं. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या घरात कुणाला असं दुखणं असेल तर मशीनला भिऊ नका. आणि डॉक्टर विचारायच्या आधी तुम्ही विचारा, गोळी खरंच घेते का, आणि नसेल घेत तर का. उत्तर तुमच्यापाशीच निघालं तर ऐकून घ्या.

बुधवार

आमच्यात दुसऱ्या दिवशीच राख सावडतात. सकाळी नऊला भाऊकी अंगणात जमली. मी सोप्यात बसून फोन लावला.

बापू म्हणाला, "तात्या, राख गार व्हायची हाय अजून, आन कुणाला फोन लावताय?"

"दवाखान्यात."

"आता कशाला दवाखाना?"

"तू गप बस."

फोन नाझनीन मॅडमनीच उचलला. मी म्हणालो, "मॅडम, येत्या सोमवारी फुलाबाईचा नंबर हाय. त्या अभ्यासाच्या तपासणीचा. ती येत न्हाई."

"का तात्या? बरं नाही का?"

"काल गेली. झोपंत."

पलीकडं मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. मग त्या रडत्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, मला नीट कळलं नाही. मी म्हणालो, "दुसऱ्या कुणालातरी बोलवा. ते मशीन रिकामं ठिवू नगा."

"एक बाई आहेत माण तालुक्यातल्या," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. त्यांनाही पडता आलं नाही."

"तिकडं रेल्वे न्हाई."

"नाही."

"तिच्या मालकाचा नंबर द्या."

"नंबर मला देता येत नाही तात्या. पण तुमचा त्यांना देते. त्यांना वाटलं तर करतील."

मी फोन हातात धरून बसलो. अंगणात कुजबुज चालू होती. कुणीतरी म्हणालं, उन्हं चढायला लागली. पंधरा-वीस मिनिटांनी फोन वाजला. माणूस माझ्याच वयाचा वाटला, आवाज बुजरा. "दवाखान्यातल्या बाईंनी करायला सांगितलं," म्हणाला.

मी सरळच विचारलं, "मंडळी पाण्याची गोळी घेत्यात का रोज?"

"घेत्यात की."

"तुमी बघितलंय घेताना?"

तो नुसता खाकरला. मी म्हणालो, "ऐका. आजपासनं तुमच्या हातानं द्या. सोमवारी बी द्या, निघायच्या आधी. आन गाडीत चढतानाच कंडक्टरला सांगा, वाटंत थांबायला लागंल म्हणून. तुमी सांगायचं. तिला सांगाय लावायचं न्हाई. मोठ्यानं सांगा."

"गाडीत गावची माणसं असत्यात," तो हळूच म्हणाला.

"असू द्यात. माझ्या बी हुती."

तो म्हणाला, "सांगतो." आणि मग, "तुमच्या मंडळीस्नी त्या तपासणीनं फरक पडला का वो?"

"लय पडला," मी म्हणालो.

फोन ठेवला, टोपी घातली, आणि सावडायला गेलो.